ओहोळांचं कीर्तन आणि हाप्सनबाईंचं देऊळ

ओहोळांना मी पहिल्यांदा पाहिलं ते १९८१च्या डिसेंबरात, मुलुंडला पाच रस्त्याच्या अलीकडे तेव्हा जी मोकळी जागा होती तिथे. संध्याकाळचे साडेसहा झाले असतील. हातात मेथीच्या दोन जुड्या होत्या, घरी जाऊन निवडायच्या होत्या, तरी मी थांबले. कारण कीर्तन चाललं होतं, आणि चांगलं चाललं होतं. पन्नाशीचा, सडपातळ, काळसर माणूस. धोतर, काळा कोट, डोक्याला पांढरं पागोटं, खांद्यावर उपरणं. उजव्या हातात चिपळ्या. मागे पेटी, तबला आणि झांजा वाजवणारी तीन माणसं. गोष्ट एका पाटलाच्या धाकट्या मुलाची होती. तो बापाकडून वाटणी घेऊन मुंबईला येतो, सगळं उडवतो, शेवटी डुकरं राखायची वेळ येते, आणि ऐन हुरड्याच्या दिवसांत त्याला घर आठवतं. कीर्तनकार तो हुरडा असा काही भाजत होता की समोरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग एकदम चिपळ्या थांबल्या आणि तो गाऊ लागला :

परतलो बापा, धुळीने माखून
अंगणी थांबून हाक देतो.

माझे हात आपोआप जोडले गेले. शेजारी उभ्या असलेल्या बाईंना मी विचारलं, "कुठल्या मठाचे हो हे?"

त्या हसल्या. "मठाचे नाहीत. आमचेच आहेत, घरचे. नाताळाचं कीर्तन आहे."

तेव्हा कुठे मला दिसलं, की कपाळाला बुक्का नाही, मागे विठ्ठलाची तसबीर नाही, आणि मघापासून ज्याला ते 'माझा सद्गुरू' म्हणताहेत तो येशू आहे. जोडलेले हात खाली घ्यावेत की नाही, मला कळेना. घेतले. मग वाटलं, का घेतले? परत जोडणं बरं दिसेना, म्हणून मेथीची जुडी या हातातून त्या हातात घेतली.

त्या बाई म्हणजे वनमालाबाई ओहोळ. कीर्तन संपल्यावर त्यांनी नवऱ्याला हाक मारली, आणि ते चिपळ्या काखेत धरून आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "सलाम. तुम्ही कुडाळकर बाई ना? नंदूच्या इंग्रजीच्या?"

नंदकुमार ओहोळ माझ्या हाताखालून गेला होता. हुशार, लाजरा. त्याच्या वडिलांना मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. ते लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका औषधांच्या कारखान्यात बॉयलरवर फिटर होते आणि पालकसभेच्या वेळी नेमकी त्यांची पाळी असायची. पूर्ण नाव शांतवन याकोब ओहोळ. गाव नगर जिल्ह्यातलं. तिकडच्या ख्रिस्ती लोकांत कीर्तनाची जुनी रीत आहे. पूर्वरंग, आख्यान, मधेमधे नामाचा गजर, सगळं आपल्यासारखंच, असं मी एकदा त्यांना म्हटलं.

"आपल्यासारखं म्हणजे काय, बाई?" ते म्हणाले. "आपलंच आहे ना ते?"

पुढच्या आठ वर्षांत या माणसाने मला असं पुष्कळदा गप्प केलं, आणि दर वेळी अगदी साध्या आवाजात.

त्यानंतर आमची ओळख राहिली. बाजारात भेट व्हायची, नाताळाला त्यांच्याकडून करंज्या यायच्या, दिवाळीला आमच्याकडून जायच्या. १९८६च्या फेब्रुवारीत ते एका दुपारी घरी आले. सोबत शंभर पानी वही.

"बाई, नंदू तिकीट पाठवतोय. मेपासून पाच महिने विलायतेला."

नंदू तिकडे एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता, त्याला मुलगी झाली होती. मी अभिनंदन केलं. ते वही पुढे करून बसून राहिले.

"माझं कीर्तन इंग्रजीत करून द्या."

"तुम्ही तिकडे कीर्तन करणार?"

"रस्त्यावर," ते म्हणाले. "आईचं सांगणं आहे."

मग त्यांनी आईची हकीकत सांगितली. १९१८च्या मानमोडीच्या, म्हणजे फ्लूच्या, साथीत त्यांच्या आईचं सगळं घर आठवड्यात गेलं. सहा वर्षांची पोर तेवढी राहिली. तिला गावच्या चावडीवरून एका इंग्रज मिशनरी बाईने उचलून नेलं, वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं. तिचं नाव मिस हॉब्सन. ओहोळांची आई तिला शेवटपर्यंत हाप्सनबाईच म्हणायची. ही हाप्सनबाई चाळीस वर्षं नगरकडच्या खेड्यांतून बैलगाडीने फिरली आणि बाजाराच्या दिवशी रस्त्यात उभी राहून गोष्टी सांगत राहिली. आई वारायच्या आधी ओहोळांचा हात धरून म्हणाली होती, तिच्या गावी जा, तिच्या देवळात (चर्चला ते देऊळच म्हणतात) उभा राहा, तिने रस्त्यावर आम्हाला सांगितलं तसं तूही तिच्या माणसांना सांग. एक जण ऐकेल तरी पुरे.

"पण त्यांना ही गोष्ट माहीत असणार ना, ओहोळ? त्यांनीच तर ती इकडे आणली."

"म्हणून तर सोपं आहे," ते म्हणाले.

मंगळवारी आणि शुक्रवारी, शाळा सुटल्यावर, आम्ही बसत असू. आयुष्यभर मी मुलांकडून कर्तरी-कर्मणी करून घेतलं होतं. आता पाटलाचा मुलगा इंग्रजीत डुकरं राखू लागला. हुरड्यापाशी आम्ही दोन शुक्रवार अडलो. मी म्हटलं, तिथे ज्वारी नाही, आपण नुसतं 'घरचं जेवण' करू. ओहोळांना ते अजिबात चालेना. "हुरडा काढला तर तो परत कशाला जाईल, बाई?" शेवटी 'शेकोटीवर भाजलेलं कोवळं कणीस' यावर तडजोड झाली. पदं मराठीतच राहिली, फक्त प्रत्येकाखाली अर्थ.

आमचे हे एकदा आतून चहा घेऊन आले, वहीत डोकावले आणि म्हणाले, "आता तू पाद्रीण होतलस काय गो?"

मी म्हटलं, "तुम्ही साखर आणा."

पण ते बोलणं मनात राहिलं. रोज सकाळी गणपतीला फूल वाहणारी मी, आणि येशूची स्तुती नीट व्याकरणात बसवण्यासाठी शब्दकोश उघडून बसत होते. हे मी ओहोळांसाठी करते आहे की भाषेसाठी, आणि यात काही चुकतं आहे का, हे मी स्वतःला विचारायची, आणि उत्तर येण्याआधी पुढचं वाक्य घ्यायची.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ते दोघे गेले. चिपळ्या वनमालाबाईंच्या शालीत गुंडाळल्या होत्या.

पहिलं निळं पत्र जूनच्या शेवटी आलं. हाप्सनबाईंचं गाव नंदूच्या घरापासून बसने तासाभरावर. (तीस वर्षं इंग्रजी शिकवूनही त्या गावाचा उच्चार मी चुकीचा करत होते, असं नंदूने नंतर सांगितलं, म्हणून इथे लिहीत नाही.) देऊळ सापडलं. दगडी, छोटं, रस्त्याला लागून. आत भिंतीवर पितळी पाटी, तिच्यावर हाप्सनबाईंचं नाव. 'मी दारात बूट काढले,' ओहोळांनी लिहिलं होतं, 'तर पाळक मिस्टर कोल धावत आले, त्यांना वाटलं माझा पाय दुखतोय. आत नऊ माणसं होती. बाई, नऊ. सगळी माझ्याहून म्हातारी. मी उभा राहून आईचं नाव सांगितलं, हाप्सनबाईचं सांगितलं. डॉब्सबाई नावाची एक म्हातारी रडली. मग मिस्टर कोल म्हणाले, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सभा आहे, त्यात हे देऊळ विकायचं की ठेवायचं ते ठरणार. गालिचे विकणारा एक जण मागतोय, गोदामासाठी. नऊ माणसांवर देऊळ चालत नाही.'

पत्राच्या शेवटी एक ओळ होती : 'मी म्हटलं, माणसं मी आणतो.'

ही ओळ वाचून मला आनंद झाला आणि काळजीही वाटली. बॉयलरचा व्हॉल्व्ह गळतो तेव्हा ते कारखान्यात असंच म्हणत असणार.

पुढचं वनमालाबाईंनी आणि त्यांनी परत आल्यावर सांगितलेलं, अधिक तीन पत्रं, असं जुळवून लिहिते.

त्या गावात शनिवारी बाजार भरतो. जुलैच्या पहिल्या शनिवारी ओहोळ धोतर, काळा कोट, पागोटं घालून निघाले. नंदू दारात आडवा उभा राहिला.

"बाबा, इथे असं करत नाहीत."

"मग तिकडे येऊन त्यांनी कसं केलं?"

"तो काळ वेगळा होता."

"तिकडे तरी रीत होती का रे, गोऱ्या बाईने भरबाजारात उभं राहून बोलायची? लोक हसलेच असतील ना? बाजूला हो."

नंदू बाजूला झाला. नंतर गाडी काढून त्यानेच त्यांना सोडलं.

बाजारात एका पिंपाशेजारी उभं राहून ओहोळांनी चिपळ्या वाजवल्या. वनमालाबाई झांजा घेऊन मागे. पूर्वरंग अर्धा होतो न होतो तोच तीन-चार पोरं आली, हात वर करून नाचायला लागली आणि ओरडायला लागली, "हरे कृष्ण! हरे कृष्ण!"

ओहोळांना वाटलं, कुणी हिंदू आलं असेल. मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. पोरं त्यांच्याकडेच बघून नाचत होती.

"नो, नो," ओहोळ म्हणाले. "जीझस!"

पोरं आणखी खूश झाली. एकाने त्यांना विचारलं, गुरुजी, ध्यान शिकवता का? एका बाईने तळहात पुढे केला, भविष्य सांगा म्हणून. कुणी पुढ्यात नाणं टाकलं. ओहोळांनी ते उचलून त्याच्यामागे धावत जाऊन परत दिलं. मग एक पोलीस शिपाई आला. अतिशय सभ्यपणे म्हणाला, वाद्य वाजवायला परवाना लागतो. ओहोळांनी माझी वही त्याला दाखवली. त्याने ती उभ्या उभ्या तीन पानं वाचली आणि विचारलं, मग तो घरी पोचतो का? ओहोळ म्हणाले, थांबलात तर कळेल. तो थांबला नाही, पण परवान्याचंही परत बोलला नाही.

असे तीन शनिवार गेले. गोष्ट शेवटपर्यंत कुणी ऐकेना. ओहोळांनी पागोटं काढून पाहिलं, धोतराऐवजी पँट घालून पाहिली. पँट घातल्यावर तर कुणी थांबेचना.

"मला कळेनासं झालं, बाई," ते मला म्हणाले होते. "इथे मुलुंडात मला लोक म्हणतात, तू साहेबाच्या धर्माचा. मी म्हणतो, बरं. साहेबाच्या गावी गेलो, तर साहेब म्हणतो, तू कृष्णाचा. मग मी उभा कुठे आहे?"

चौथ्या शनिवारी एक माणूस थांबला. साठीचा, स्वेटर घातलेला, कपाळावर बारीकसं कुंकू. हात जोडून शेवटपर्यंत उभा राहिला, आणि कीर्तन संपल्यावर पुढे येऊन ओहोळांच्या पाया पडायला वाकला. ओहोळ उडीच मारून मागे सरकले.

हे प्रागजीभाई. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं वर्तमानपत्रांचं आणि वाणसामानाचं दुकान. युगांडातून सगळं सोडून आलेले. ओहोळांनी चौदा वर्षं मुलुंडच्या गुजराती शेजाऱ्यांत काढली होती, ते त्यांच्याशी सरळ गुजरातीत बोलू लागले. प्रागजीभाईंचे डोळेच भरून आले. दुकानात नेऊन चहा पाजला, आतून आपल्या आईला बोलावलं. ऐंशीच्या घरातली बारकी म्हातारी. सगळे तिला बा म्हणत.

बा म्हणाली, मला पण ऐकव.

दुकान बंद करून, पोत्यांवर बसून घरच्यांनी पूर्ण कीर्तन ऐकलं. बाला मराठी येत नव्हतं, इंग्रजी त्याहून नाही. पोरगा घर सोडून गेलाय, एवढं प्रागजीभाईंनी तिच्या कानात सांगितलं होतं. 'परतलो बापा'ला ती रडायला लागली. संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "छोकरो घरे आव्यो ने?" मुलगा घरी आला ना?

"आव्यो, बा," ओहोळ म्हणाले.

"बस," बा म्हणाली.

ओहोळांनी त्यांना सांगितलं, की ही येशूने सांगितलेली गोष्ट आहे, उद्या रविवारी तुम्ही देवळात या. लपवाछपवी त्यांच्या स्वभावातच नाही. त्यांनी नाव घेऊन, दोनदा सांगितलं. प्रागजीभाई म्हणाले, हो, हो, येशू भगवान, आम्ही येऊ.

आणि ते आले. घरची सहा माणसं. दारात सहा जोड बूट-चपला ओळीने लागल्या, ओहोळांच्या आणि वनमालाबाईंच्या शेजारी. बाने डब्यातून शिरा आणला होता. मिस्टर कोल यांना त्याचं काय करायचं ते कळेना, शेवटी प्रार्थनेनंतर तो सगळ्यांनी बशीत घेतला. डॉब्सबाईंनी दोनदा घेतला. पुढच्या रविवारी प्रागजीभाईंचे साडू शेजारच्या गावातून आले. मग साडूंचे शेजारी. मिस्टर कोल यांनी उपासनेनंतर अर्धा तास ओहोळांना कीर्तनाला दिला.

ऑगस्ट संपताना मला पत्र आलं. त्यात सुरुवातीला खुशाली नव्हती, काही नव्हतं. 'बाई, बावीस! नवाचे एकतीस झाले. डॉब्सबाई म्हणतात, त्यांच्या लहानपणानंतर इतकी माणसं आता पाहिली. हाप्सनबाईचं देऊळ राहिलं. आईला सांगावंसं वाटतं.'

मी ते पत्र शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं. कुणीतरी विचारलं, बाई, तुम्हाला आनंद का झालाय? ते तर आपल्यातले बावीस घेऊन गेले. मी वही तपासायला घेतली. आनंद तर झालाच होता. कुणासाठी आणि कशाबद्दल, हे मात्र त्या प्रश्नानंतर नीट सांगता येईना.

सप्टेंबरच्या सभेचं ओहोळांनी पत्रात लिहिलं नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर ते दोघे परत आले. आठ दिवसांनी ओहोळ एकटे आमच्याकडे आले. वही माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि खुर्चीत न बसता खिडकीपाशी उभे राहिले.

"झाली सभा?" मी विचारलं.

"झाली."

"मग? राहिलं ना देऊळ?"

"राहिलं," ते म्हणाले. "म्हणजे तुम्हीच ठरवा, बाई, राहिलं की गेलं."

सभेला नऊ सभासद होते. बावीस जणांतलं कुणी सभासद नव्हतं, पण प्रागजीभाईंनी बोलायची परवानगी मागितली होती. ते कोट घालून आले होते. उभे राहून म्हणाले, आमच्या समाजाला चार वर्षं पूजेसाठी जागा हवी होती, कुठे मिळत नव्हती. इथे आलो, आमच्या बाला इथे शांत वाटतं. तुम्ही ही जागा विकणार असं ऐकलं, तर गालिचेवाल्याच्या बरोबरीने आम्ही घेतो. स्वच्छ ठेवू. भिंतीवरची पाटी काढणार नाही. मग ते ओहोळांकडे वळले आणि सगळ्यांसमोर गुजरातीत म्हणाले, "ओहोळभाई, आ जग्या हवे बंध नहि थाय."

ही जागा आता बंद होणार नाही. ओहोळांना हवं होतं ते तंतोतंत त्यांनी करून दाखवलं होतं. बोलताना त्यांचा चेहरा असा होता, ओहोळ सांगत होते, की भावाला मोठी भेट द्यावी आणि तो काय म्हणतो ते बघत राहावं.

"आणि ते नऊ जण?"

"नऊच्या नऊ हो म्हणाले. डॉब्सबाई म्हणाली, गालिच्यांपेक्षा बरं. मिस्टर कोल म्हणाले, प्रार्थनेची जागा प्रार्थनेचीच राहील. मला म्हणाले, तुम्हीही दोन शब्द बोला."

"काय बोललात?"

"उभा राहिलो. इंग्रजी आठवेना, मराठी बोलून काय उपयोग, आणि गुजरातीत जे म्हणायचं होतं ते प्रागजीभाईंच्या तोंडावर म्हणवेना. बसलो परत." ते खिडकीतून माझ्याकडे वळले. "मी त्यांना येशूकडे बोलावलं होतं, बाई. ते आले. खरोखर आले. बूट काढून आले, हात जोडून बसले, रडले. आणि जागा विकत घेतली. यात त्यांचं कुठे चुकलं ते मी महिनाभर शोधतोय. सापडत नाही. माझं कुठे चुकलं तेही सापडत नाही."

नोव्हेंबरात तिथे मूर्ती बसणार होत्या आणि पहिलं कीर्तन ओहोळांनी करावं अशी प्रागजीभाईंची इच्छा होती. नंदू मुदत वाढवून घ्यायला तयार होता. ओहोळ म्हणाले, नको. वनमालाबाई मात्र शेवटच्या दिवशी बाला भेटून आल्या. एकमेकींची भाषा येत नसताना दोघी दोन तास काय बोलल्या, कुणाला ठाऊक.

मी चहा केला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटत होतं. दूर परमुलखात, घर सोडून आलेल्या माणसांना देऊळ मिळालं होतं, आणि त्यात माझ्या वहीचाही वाटा होता. पण समोर ओहोळ होते, त्यांच्या आईचा शब्द होता, आणि माझं हे बरं वाटणं त्यांच्या नुकसानीतून आलेलं होतं. मला त्यांच्याकडे वर बघवेना. मी साखर दोनदा घातली. त्यांनी तसाच चहा प्यायला.

मिठागर रोडकडे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं देऊळ भरतं. त्या वर्षीच्या नाताळात तिथल्या मंडळींनी ओहोळांना विलायतेची साक्ष, म्हणजे तिकडे आलेला अनुभव, सांगायला उभं केलं. मला वनमालाबाईंनी मुद्दाम बोलावलं होतं. ओहोळांनी सगळं सांगितलं, काही न गाळता. बावीस म्हणाले तेव्हा टाळ्या पडल्या. पुढचंही सांगितलं.

मग मागून धर्मा आढाव, तिथले एक जुने पंच, बोलले. "म्हणजे ओहोळ, गेलास प्रभूचा निरोप द्यायला, आणि देऊळ देऊन आलास? वाट लावलीस की रे!"

काही जण हसले. वनमालाबाई ताडकन उठल्या. "धर्माभाऊ, तुम्ही इथल्या पाच रस्त्यावर तरी कधी उभे राहिलात का हो? एकदा राहा, मग बोला."

ओहोळांनी त्यांना खाली बसायची खूण केली. "बरोबर विचारतोय तो," ते म्हणाले. "मला उत्तर आलं की सांगेन."

त्या नाताळाला पाच रस्त्यावर कीर्तन झालं नाही. पुढच्याही नाही. मला आधी वाटलं, पंचांनी बंद केलं. एकदा बाजारात मी सरळ विचारलं.

"कुणी बंद केलं नाही," ओहोळ म्हणाले. "आढावसुद्धा दोनदा येऊन गेला, कर रे बाबा, पोरं विचारतात म्हणून. मीच उभा राहत नाही. हुरड्यापर्यंत येतो, मग समोर बा दिसते. पोरगा घर सोडून गेला, यापलीकडे गोष्टीतलं तिला काही कळलं नव्हतं, बाई. ती कशासाठी रडली? बापासाठी, पोरासाठी, तिकडे राहिलेल्या घरासाठी, की येशूसाठी? ते मला कळलं पाहिजे. आईने सांगितलं होतं, एक जण ऐकेल तरी पुरे. तिने ऐकलं असेल, तर मी आईचा शब्द पाळला. नसेल, तर मी नुसतं एका देवळाचं गिऱ्हाईक शोधून दिलं."

"प्रागजीभाईंना लिहून विचारा की. ते तुम्हाला दिवाळीला पत्र पाठवतात ना?"

"पाठवतात, इंग्रजीत. बा काय म्हणाली ते ते त्यांच्या शब्दांत लिहितील. चांगला माणूस आहे, मला बरं वाटेल असंच लिहील." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "हे दुसऱ्याच्या हातून विचारण्यासारखं नाही."

मी शिक्षक असून मला सुचलं नाही, ते त्यांना सुचलं.

गेल्या वर्षी मी शाळेतून निवृत्त झाले. ओहोळही कारखान्यातून निवृत्त झाले. आता ते एकोणसाठ वर्षांचे आहेत. बा हयात आहे, तिला फक्त गुजराती वाचता येतं. ओहोळांना गुजराती बोलता येतं, लिहिता येत नाही. या जूनपासून ते सोमवारी आणि गुरुवारी सकाळी दहाला झवेर रोडवर एका निवृत्त गुजराती मास्तरांकडे जातात. बाराखडी संपली आहे, सध्या जोडाक्षरं चालू आहेत.